मटण, नारळ आणि बंद केलेली गोळी

पत्र :

नमस्कार डॉक्टर. आम्ही राजापूर तालुक्यातले. शिमग्याच्या आदल्या आठवड्यात माझ्या मिस्टरांना (वय ५३) हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट बसवला. घरी येताना छापील कागद दिला : मटण बंद, अंडं बंद, नारळ बंद, तूप बंद, सूर्यफुलाचं तेल वापरा. नारळ बंद हे वाचल्यावर सासूबाईंनी कागदाची घडी केली आणि डाळीच्या डब्याखाली सरकवून दिली. त्या म्हणतात, पिढ्यान् पिढ्या नारळ खाऊनच माणसं नव्वदीला पोचली.

मे महिन्यात धाकटे भावजी मुंबईहून आले. त्यांनी भात-चपाती सोडून मटण, अंडी, तूप यांवर ११ किलो वजन उतरवलंय. त्यांच्या मते कोलेस्टेरॉल हे थोतांड आहे, लाल मांस आता निर्दोष ठरलंय आणि गोळ्या हा कंपन्यांचा धंदा आहे. मिस्टरांचे पाय दुखायचेच, त्यांनी रात्रीची कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली. एप्रिलमध्ये एलडीएल ७२ होतं, गेल्या आठवड्यात १३४ आलं. मटण मी अजून केलेलं नाही. त्यामुळे ते चिडचिड करतात, चहाबरोबर खारी-टोस्ट आणि रात्री फरसाण खातात. तंबाखू पुष्कळ कमी केली आहे.

चूल एक आणि सांगणारे तीन. मी कोणाचं ऐकू? गौरीला आमच्याकडे तिखटा नैवेद्य असतो, मटण-वडे. त्या दिवशी काय करू?

उत्तर :

ताई,

मटणाचं नंतर बोलू. आधी गोळी. भावजी मे महिन्यात आले तेव्हापासून धरलं तर ती बंद होऊन दोन महिने होत आले. ज्यांनी अँजिओप्लास्टी केली त्या डॉक्टरांना आजच फोन करा, गोळी बंद होती हे न लपवता सांगा आणि ते सांगतील त्या मात्रेने पुन्हा सुरू करा. फोन करताना बाकीच्या गोळ्यांची पाकिटंही समोर घेऊन बसा. स्टेंट बसवल्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून सहसा दोन गोळ्या देतात. त्यातली एखादी याच झपाट्यात बंद झाली असेल, तर ते कोलेस्टेरॉलच्या गोळीपेक्षा कितीतरी तातडीचं. स्टेंटमध्ये होणारी गुठळी आगाऊ सूचना देऊन येत नाही.

पाय दुखतात ही तक्रार खोटी आहे असं मी म्हणणार नाही. स्टॅटिन गटातल्या या गोळ्यांनी काहींचे स्नायू खरंच दुखतात. पण २०२० साली इंग्लंडमधला एक छान प्रयोग प्रसिद्ध झाला. त्रासामुळे गोळी सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी, पण औषध नसलेली पोकळ गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं आलटून पालटून दिलं. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास झाला, त्यातला ९० टक्के पोकळ गोळीवरही झाला. तुमच्या मिस्टरांचं दुखणं कुठल्या प्रकारचं हे डॉक्टर बघतील. मात्रा कमी करता येते, त्याच गटातली दुसरी गोळी देता येते, वेगळ्या प्रकारची जोड देता येते. परस्पर बंद करणं हा यातला एकही उपाय नव्हे.

स्टेंट बसला म्हणजे आजार गेला, हा गैरसमज आपल्याकडे फार आहे. बागेच्या पाटात एका जागी पाला अडकला होता, तो काढला. वरून येणारा गाळ तसाच येतोय. एलडीएल, म्हणजे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, हा तो गाळ. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत एकदा अटॅक येऊन गेलेल्या माणसाचं एलडीएल ५५ च्या खाली असावं असं म्हटलंय. तुमच्याकडे ७२ वर आनंद होता आणि आता १३४ आहे.

आता भावजींचं म्हणणं. ते सगळंच चूक असतं तर मला हे उत्तर दोन ओळींत संपवता आलं असतं. त्यांच्याकडे अर्धं खरं आहे आणि अर्ध्या खऱ्याशी भांडणं नेहमीच जड जातं.

कोलेस्टेरॉल थोतांड, हा भाग साफ चुकीचा. जन्मतःच एलडीएल अतोनात वाढलेलं असतं अशी काही कुटुंबं असतात. दोन्हीकडून दोष आलेल्या मुलांना तर शाळेच्या वयात अटॅक येतात, त्या मुलांनी ना तंबाखू खाल्लेली असते ना वडे. असं का होतं ते शोधून काढल्याबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. दुसरा पुरावा गोळ्यांचा. १९९४ मध्ये उत्तर युरोपातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. हृदयविकार असलेल्या ४,४४४ लोकांपैकी अर्ध्यांना स्टॅटिन दिलं, अर्ध्यांना पोकळ गोळी. स्टॅटिनवाल्यांतले एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. त्यानंतर असे पुष्कळ प्रयोग झाले, त्यांची एकत्र बेरीज सांगते की एलडीएल सुमारे ३९ ने खाली आणलं की अटॅक-पक्षाघातासारखे मोठे प्रसंग पाचात एकाने कमी होतात. गोळ्यांतून कंपन्या पैसा कमावतात हे खरं, पण यातली बरीचशी औषधं आता पेटंटबाहेर गेली आहेत आणि जेनेरिकच्या दुकानात महिन्याची गोळी खारीच्या खर्चापेक्षा स्वस्त पडावी. (तुमचा खारीचा खर्च किती ते मला माहीत नाही, पण पत्रावरून अंदाज आला.)

वाद आहे तो पुढच्या पायरीवर : खाण्यातल्या चरबीने हृदयविकार किती वाढतो. इथे भावजींनी एक गोष्ट नक्की सांगितली असेल, कारण अशा प्रत्येक व्हिडिओत ती असते. अँसेल कीज नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने २२ देशांची आकडेवारी हाताशी असताना आपल्या सोयीचे ७ देश निवडले आणि जगाला फसवलं. या गोष्टीत दोन वेगळ्या गोष्टींची भेळ झाली आहे. १९५३ मध्ये कीज यांनी ६ देशांचा एक आलेख मांडला होता. १९५७ मध्ये येरुशाल्मी आणि हिलेबो या दोघांनी त्यावर बोट ठेवलं की आकडे २२ देशांचे मिळतात, सगळे घेतले तर संबंध इतका सरळ दिसत नाही. टीका रास्त होती. ७ देशांचा अभ्यास त्यानंतरचा, १९५८ पासून सुरू झालेला. त्यात जुने सरकारी आकडे उचललेले नव्हते. १२,७६३ पुरुषांना प्रत्यक्ष तपासून वर्षानुवर्षं त्यांच्यावर नजर ठेवली होती. त्यात पूर्व फिनलंड सर्वांत वाईट निघालं आणि ग्रीसचं क्रीट बेट सर्वांत चांगलं. आणि क्रीटचे लोक चरबी कमी खात नव्हते, ऑलिव्हच्या तेलात बुडवून खात होते! फिनलंडच्या लोकांच्या ताटात लोणी आणि साईचं दूध होतं. म्हणजे किती चरबी यापेक्षा कुठली चरबी, हे त्या अभ्यासातच लिहिलेलं होतं.

लोकांपर्यंत मात्र ‘चरबी वाईट’ एवढंच पोचलं. १९७७ मध्ये अमेरिकेच्या सिनेटच्या समितीने चरबी कमी करा म्हणून सांगितलं आणि बाजारात बिनचरबीची बिस्किटं, केक, गोड दही यांचा पूर आला. चरबीच्या जागी साखर आणि मैदा. त्या काळात साखरवालेही गप्प बसले नव्हते. १९६७ मध्ये हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी लिहिलेल्या एका आढाव्यात साखरेकडे काणाडोळा करून चरबीवर ठपका ठेवला होता आणि त्यासाठी साखर उद्योगाने पैसे दिले होते, हे जुन्या कागदपत्रांतून २०१६ मध्ये बाहेर आलं. भावजी हे सांगत असतील तर ते खरं आहे, मान हलवा.

पुढे २००६ मध्ये अमेरिकेतल्या जवळजवळ ४९,००० स्त्रियांच्या प्रयोगाचा निकाल आला. सुमारे आठ वर्षं चरबी कमी करूनही हृदयविकारात म्हणण्यासारखा फरक नाही. २०१० आणि २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून लिहिलेले दोन आढावे आले : संपृक्त चरबी, म्हणजे लोणी, तूप, मांसाची चरबी, खोबरेल, जास्त खाणाऱ्यांत हृदयविकार जास्त दिसत नाही. मग ‘लोणी खा’ अशी मुखपृष्ठं झळकली. भावजींचे व्हिडिओ इथपर्यंत येतात आणि थांबतात.

ते थांबतात तिथेच खरी मजा आहे. माणूस लोणी सोडतो तेव्हा उपाशी राहत नाही, त्याच्या जागी काहीतरी खातो. लोणी कमी आणि पाव-बिस्किट जास्त, अशांची तुलना लोणी खाणाऱ्यांशी केली तर फरक दिसणार नाहीच, कारण एक काढून दुसरं तितकंच वाईट घातलं. पण लोण्याच्या जागी शेंगदाणा, तीळ, सोयाबीन, सूर्यफूल अशी तेलं, सुका मेवा, मासे, अख्खं धान्य आलं, तर फरक दिसतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये जुने चांगले प्रयोग निवडून हिशेब केला : संपृक्त चरबीची जागा पातळ वनस्पती तेलांनी घेतली तिथे हृदयविकार सुमारे ३० टक्क्यांनी घटला. कॉक्रेन या संशोधनांचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा २०२० चा आढावा याहून सावध आहे. त्यात घट १७ टक्के, तीही अटॅक-पक्षाघात असे सगळे प्रसंग एकत्र धरून; मृत्यूंच्या संख्येत मात्र फारसा फरक नाही. दोन्ही आकडे ध्यानात ठेवा. फायदा आहे, जादू नाही.

आता तुमच्या घराकडे बघा. मटण गेलं आणि त्याच्या जागी काय आलं? खारी, टोस्ट, फरसाण. छापील कागद लिहिणाऱ्याने ‘बंद’ची यादी दिली, त्या जागी काय ठेवायचं ते लिहिलंच नाही. तो कागद राजापूरला, लातूरला आणि लुधियानाला तसाच्या तसा लागू पडेल असा लिहिलेला असतो. खारीचे पापुद्रे सुटतात ते वनस्पती तुपाने किंवा बेकरीच्या मार्जरिनने. त्यातली ट्रान्स चरबी, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणारी चरबी, ही या सगळ्या वादात एकमेव गोष्ट आहे जिच्या बाजूने कोणीच बोलत नाही, भावजीसुद्धा बोलणार नाहीत. आपल्याकडे जानेवारी २०२२ पासून ती तेला-तुपात २ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, ते बरंच झालं. पण ट्रान्स घटली तरी मैदा आणि घट्ट चरबी खारीत आहेतच, फरसाणात तर वर मीठही. मिस्टरांना रविवारी चार तुकडे मटण दिलं असतं आणि रोजची खारी बंद केली असती, तर मी तुमच्या बाजूने उभा राहिलो असतो.

लाल मांस निर्दोष ठरलं, हे २०१९ चं प्रकरण. एका आंतरराष्ट्रीय गटाने अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की लोकांनी खातात तेवढं मांस खात राहायला हरकत नाही. बातमी झाली ‘मटण खा’. लेख नीट वाचला तर ते म्हणत होते की मांस कमी केल्याने होणारा फायदा लहान आहे, तो दाखवणारा पुरावा कच्चा आहे आणि म्हणून आमची शिफारसही कच्चीच आहे. पुरावा कच्चा आहे ही तक्रार मला पटते. हजारो लोकांना ‘गेल्या वर्षी आठवड्यातून किती वेळा मांस खाल्लंत’ असं विचारून हे अभ्यास होतात, आणि जास्त मांस खाणारे तिकडे बहुधा जास्त सिगारेटही ओढतात, कमी चालतात. कितीही गणित केलं तरी ही गुंतवळ पूर्ण सुटत नाही. पण पुरावा कच्चा म्हणजे आरोपी सुटला, असं नव्हे.

आणखी एक. त्या अभ्यासांतलं लाल मांस म्हणजे बहुतेक गाय आणि डुक्कर, रोजच्या रोज, आणि त्यातलं बरंचसं खारवलेलं, धुरी दिलेलं. सॉसेज, बेकन, सलामी या प्रक्रिया केलेल्या मांसाबद्दलचा पुरावा जास्त पक्का आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये त्याला कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकलं. तुमच्याकडचं मटण म्हणजे बोकड. तोही शनिवार, सोमवार, गुरुवार, संकष्टी, श्रावण वगळून उरलेल्या दिवसांत, आणि तेही बाजारात भाव ऐकून परत न फिरल्यास. वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंड लाल मांसाची मर्यादा आठवड्याला शिजवलेलं ३५० ते ५०० ग्रॅम सांगतो. कोकणात एवढं मटण फक्त लग्नघरात होतं.

मात्र तुमच्या टोपात काय असतं ते बघू. चरबी काढलेल्या बोकडाच्या शिजवलेल्या १०० ग्रॅम मांसात चरबी साधारण ३ ग्रॅम, त्यातली संपृक्त जेमतेम १ ग्रॅम. आता वाटप. चौघांच्या मटणाला सुक्या खोबऱ्याचा एक मोठा तुकडा कांद्याबरोबर खरपूस भाजून वाटला जातो. तो ५० ग्रॅम धरला तर त्यातून २८ ग्रॅम संपृक्त चरबी, माणशी ७. म्हणजे मटणाच्या ताटातली संपृक्त चरबी मटणातून कमी आणि वाटपातून जास्त येते! त्यावर खाटकाने प्रेमाने टाकलेला चरबीचा गोळा आणि रश्शावरचा लाल तवंग. मग सोबत वडे, तळणीत फुगलेले, एकावर कोणी थांबत नाही. मटण बदनाम, आणि बाकीचे साक्षीदार म्हणून बाजूला उभे.

तेव्हा मटण करा, पण असं करा. खाटकाला पुठ्ठ्याचं, मांडीचं, चरबी काढून द्यायला सांगा. समोर उभं राहून काढून घ्या, नाहीतर तो तिखटाला चव येते म्हणून टाकतोच. वाटपातलं खोबरं निम्मं करा, ती जागा भाजलेला कांदा, धणे, बडीशेप, थोडे तीळ यांनी भरा. रस्सा दाट राहतो. शक्य असेल तर सकाळी शिजवून ठेवा, गार झाल्यावर वर थिजलेला थर चमच्याने काढा आणि मग फोडणी द्या. वड्यांच्या जागी तांदळाची किंवा नाचणीची भाकरी. रविवार-आड करा, मिस्टरांच्या वाट्याला चार-पाच तुकडे. मधल्या रविवारी कोंबडी, कातडं काढून. कलेजी-भेज्याचा हट्ट असेल तर तो मात्र धरू देऊ नका.

आता सासूबाई. त्यांच्याशी वाद घालायला मला संकोच वाटतो, कारण त्यांच्या बाजूनेही पुरावा आहे. पॅसिफिक महासागरात पुकापुका आणि तोकेलाऊ नावाची बेटं आहेत. तिथल्या लोकांचा अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. तोकेलाऊच्या लोकांच्या एकूण उष्मांकांतले ६० टक्क्यांहून जास्त नारळातून येत होते, तरी हृदयविकार विरळा. पण ते लोक नारळ खात होते आणि मासे खात होते, साखर आणि मैदा जवळजवळ नव्हता आणि दिवसभर होडी आणि झाड यांवर अंग मोडून काम. सासूबाईंच्या सासऱ्यांचंही असंच असणार. शेत, बाग, डोंगर, बाजाराला चालत जाणं. शिवाय नव्वदी गाठलेले आपल्याला आठवतात. पन्नाशीत ‘छातीत कळ आली आणि गेला’ म्हणून जे गेले, त्यांचा ईसीजी काढायला गावात कोणी नव्हतं. तुमचे मिस्टर दुचाकीवर बसून वाण्याकडे जातात की चालत, ते तुम्हीच बघा.

नारळाची चरबी जवळजवळ सगळी संपृक्त. २०२० मध्ये १६ प्रयोगांची बेरीज झाली, तेव्हा इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेल तेलाने एलडीएल सुमारे १० ने जास्त राहतं असं दिसलं. ‘चांगलं’ एचडीएलही थोडं वाढतं, पण औषधाने एचडीएल वाढवून फायदा होतो का हे बघणारे प्रयोग एकामागून एक फसलेत, त्यामुळे त्या वाढीवर मी भिस्त ठेवणार नाही. केरळात हृदयविकाराच्या २०० रुग्णांना दोन वर्षं काहींना खोबरेल आणि काहींना सूर्यफूल तेल देऊन पाहिलं, फरक आढळला नाही. पण हे रुग्ण नेमाने औषधं घेत होते. गोळी चालू असलेल्या माणसाला नारळ काही प्रमाणात पेलतो, गोळी बंद करून नारळ आणि मटण दोन्ही वाढवणं हा तिसराच प्रकार.

हिशेब करू. अर्ध्या नारळाचं खवलेलं खोबरं १०० ग्रॅम धरा, त्यात ३० ग्रॅम संपृक्त चरबी. चौघांच्या कढीत माणशी साडेसात. दुपारी आणि रात्री हीच कढी म्हणजे १५. हृदयविकाराच्या माणसाला दिवसभरात सगळं मिळून १३ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात. तेव्हा नारळ बंद नको, सासूबाईंना तसं सांगा, त्या कागद डब्याखालून काढतीलही. दिवसाला चौघांत पाव नारळ, तोही एकाच वेळेला. दुसऱ्या वेळी आमसुलाचं सार, कुळथाची पिठी, डाळीची आमटी बिननारळाची, तिरफळं घालून केलेलं माशांचं तिखलं. सोलकढीला पहिलं दाट दूध न घेता दुसरं-तिसरं घ्यायचं आणि वाटी एकच. पेल्यावर पेला नाही. खोबरेल तेलाची बाटली स्वयंपाकात नको. फोडणीला शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं, आलटून पालटून, मोजून. आणि तळणीचं उरलेलं तेल उद्याच्या भाजीला वापरू नका.

तुमच्या गावातली सर्वांत चांगली चरबी मात्र बंदरावर सर्वांत स्वस्त मिळते. बांगडा, तारली, पेडवे. पापलेट-सुरमईला भाव आहे, हृदयाला उपयोगी तेल बांगड्या-तारलीत भरपूर. वेल्समध्ये अटॅक येऊन गेलेल्या २,०३३ पुरुषांवर झालेला एक प्रयोग १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा तेलकट मासे खायला सांगितलेल्यांत दोन वर्षांतले मृत्यू २९ टक्क्यांनी कमी होते. गंमत अशी की त्याच प्रयोगात नुसती चरबी कमी करायला सांगितलेल्या गटात काही फरक पडला नव्हता. पुढच्या अभ्यासांत माशांचा फायदा इतका ठळक दिसला नाही, पण तोटा नाही आणि तुमच्याकडे सवय आहेच. कढीत, तिखल्यात किंवा तव्यावर थोड्या तेलात. पावसात मासेमारी बंद असते तेव्हा सुकं येतं. सुकट, सोडे, सुका बांगडा यांत चरबीची भीती नाही, मिठाची आहे. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर दोन-तीन पाण्यांत भिजवून, धुऊन घ्या, आणि रोज नको. कोलंबीत कोलेस्टेरॉल असतं म्हणून लोक घाबरतात. तिच्यात संपृक्त चरबी फार थोडी, आठवड्यातून एकदा खाऊ द्या. अंड्याचं तसंच. खाण्यातल्या कोलेस्टेरॉलला दिवसाची ३०० मिलिग्रॅमची मर्यादा होती, ती अमेरिकेने २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत काढून टाकली. आठवड्यात चार अंडी उकडून चालतील.

तुमच्या पत्रातलं मला सर्वांत अस्वस्थ करणारं वाक्य मटणाचं नव्हतं, नारळाचंही नव्हतं. ‘तंबाखू पुष्कळ कमी केली आहे.’ ५२ देशांत अटॅकची कारणं शोधणारा मोठा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या दोन कारणांत एक रक्तातली वाईट चरबी आणि दुसरं तंबाखू. त्याच अभ्यासातून हेही दिसलं की आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी, सरासरी ५३ व्या वर्षी येतो. मिस्टरांचं वय बघा. घरात तीन महिने मटणावर चर्चा चालू आहे आणि खिशातल्या पुडीवर कोणी बोलत नाही. कमी नको, बंद. एकट्याने जमत नसेल तर जिल्हा रुग्णालयात तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन मिळतं, निकोटिनचं च्युइंगगम मिळतं, आणि १८००-११२-३५६ हा सरकारचा मोफत फोन आहे.

भावजींशी भांडू नका. त्यांचं वजन उतरलं ते खरं आहे आणि पोट कमी झालं, साखर-मैदा सुटला, ट्रायग्लिसराइड (रक्तातली आणखी एक चरबी) उतरलं असेल तर त्यांचा फायदाच झाला. आपल्या लोकांत भाताचा डोंगर आणि वर बेताची आमटी हा प्रकार आहेच, तो मोडायला हवा. मिस्टरांच्या ताटातला भातही एक मूद कमी करा आणि ती जागा भाजी, डाळ, मासे यांना द्या. पण अशा आहाराने काही लोकांचं एलडीएल खूप चढतं. भावजींना एवढंच विचारा : ‘भावजी, तुमचं एलडीएल शेवटचं कधी तपासलंत?’ तपासलं नसेल तर लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, करून घ्यायला सांगा. मोठ्या भावाला ५३ व्या वर्षी अटॅक आलाय, म्हणजे तो धोका त्यांच्याही रक्तात असू शकतो. सोबत लिपोप्रोटीन (ए) ही चाचणी दोघांनीही आयुष्यात एकदा करावी. ते एलडीएलसारखंच, पण वारशाने येणारं आणि जेवणाने न बदलणारं असतं. तुमच्या मुलांचंही लिपिड तपासून घ्या.

गोळी सुरू झाल्यावर सहा आठवड्यांनी एलडीएल पुन्हा तपासा. त्यासाठी उपाशी जायची गरज बहुतेक वेळा नसते. आकडा ५५ च्या वर राहिला तर डॉक्टर मात्रा वाढवतील किंवा जोड देतील. नारळ कमी करून ती दरी भरत नाही. जेवणाने एलडीएल दहा-पंधरा टक्के हलतं, गोळीने निम्म्यावर येतं.

राहिली गौर. वर्षातून एकदा येणाऱ्या माहेरवाशिणीचा नैवेद्य डॉक्टरने अडवू नये. मटण करा, वडेही करा, सासूबाईंच्या हातचं वाटप नेहमीसारखंच होऊ द्या. मिस्टरांच्या पानात तवंग बाजूला सारून रस्सा, चार तुकडे, दोन वडे. फक्त वड्यांची चळत मधोमध ठेवू नका, वाढून द्या. उरलेलं दुसऱ्या दिवशी भावजींना आणि पाहुण्यांना. आणि त्या रात्रीसुद्धा नऊ वाजता गोळी.